गोल्फवाल्यांच्या घरातला रग्बीपटू: जॉन गथ्री टेट

प्रश्न थोडक्यात असा होता: राजाजी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना तिथे टेट नावाचे स्कॉटिश प्राध्यापक होते. ते स्कॉटलंडकडून रग्बी खेळलेले, आणि प्रसिद्ध गोल्फर फ्रेडी टेटचे थोरले भाऊ. पण आंतरराष्ट्रीय सामने फक्त दोन. मग ते खरोखर चांगले खेळाडू होते, की प्रसिद्ध गोल्फ घराण्याच्या नावावर संघात आले? गोल्फच्या घरातला मुलगा रग्बीकडे वळलाच कसा? आणि गोल्फमुळे रग्बीत काही फायदा होतो का?

मी पुण्यात पोरांना रग्बी शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं स्वतः हुकर म्हणून खेळलो, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही संघ चेंडूसाठी एकमेकांत अडकून ढकलाढकली करतात त्या घोळक्याच्या) ऐन मधोमध. प्रेक्षकांना माझी फक्त पाठ दिसायची आणि घरच्यांना सामन्यानंतर सुजलेले कान. त्यामुळे "फक्त दोन" हे शब्द मला जरा टोचले, म्हणून आधी त्यांच्याकडेच वळतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मैदानावरच्या टेटबद्दल लिहिताना माझ्याकडून 'तो' लिहिलं जाईल आणि कॉलेजातल्या टेटबद्दल 'ते'. अठरा वर्षांच्या फॉरवर्डला, म्हणजे स्क्रममध्ये ढकलणाऱ्या गड्याला, 'अहो' म्हणणं मला जमत नाही.

जॉन टेटचा जन्म ऑगस्ट १८६१ चा. पहिला सामना १८८० मध्ये आयर्लंडविरुद्ध, दुसरा १८८५ मध्ये पुन्हा आयर्लंडविरुद्धच. आजच्या हिशोबाने पाहिलं तर पाच वर्षांत दोन सामने म्हणजे निवडकर्त्यांनी विसरून टाकलेला माणूस. आता त्या काळचा हिशोब बघा. १८८० मध्ये स्कॉटलंडच्या हिवाळ्यात आंतरराष्ट्रीय सामने असायचे दोन, एक इंग्लंडशी आणि एक आयर्लंडशी. वेल्स १८८३ मध्ये आलं तेव्हा तीन झाले. विश्वचषक नाही, दौरे नाहीत, बदली खेळाडू तर नाहीतच. पंधरा जण मैदानात उतरायचे आणि एखाद्याचा हात मोडला तर उरलेले चौदा खेळायचे. आज वर्षाला दहा-बारा सामने होतात आणि प्रत्येक सामन्यात आठ जण बाकावरून आत येतात. तेव्हाच्या दोन कॅप (म्हणजे देशाकडून खेळलेले सामने) आणि आत्ताच्या दोन कॅप यांची तुलना म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयाची आणि आजच्या नाण्याची तुलना.

त्यात १८८५ चं वर्ष आणखी विचित्र होतं. आदल्या वर्षी इंग्लंड–स्कॉटलंड सामन्यात इंग्लंडच्या एका ट्रायवरून (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) भांडण पेटलं. स्कॉटिश म्हणाले, आमच्याच गड्याचा हात चेंडूला नियमबाह्य लागला होता, तेव्हा खेळ तिथेच थांबायला हवा होता. इंग्लिश म्हणाले, स्वतःच्या चुकीचा फायदा तुम्हालाच कसा मिळेल? आज पोरांना शिकवताना मी 'ॲडव्हान्टेज' म्हणून जो नियम समजावतो (समोरच्याच्या चुकीतून तुमचा फायदा होत असेल तर खेळ थांबवायचा नाही), त्याचं बीज या भांडणात आहे. प्रकरण इतकं चिघळलं की १८८५ मध्ये हे दोन देश एकमेकांशी खेळलेच नाहीत, आणि त्यातूनच १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळ उभं राहिलं. म्हणजे टेटला दुसऱ्यांदा बोलावणं आलं त्या मोसमात स्कॉटलंडचा सगळ्यात मोठा सामनाच रद्द होता.

आता तो कसा खेळायचा. तो फॉरवर्ड होता. १८८० चा फॉरवर्ड म्हणजे काय, हे आजच्या रग्बीवरून समजत नाही. तेव्हा स्क्रममध्ये आत्तासारखं वाकून तीन रांगांत अडकायचं नसे. बरेचसे उभ्यानेच एकमेकांना भिडायचे, डोकी खाली, चेंडू पायांच्या जंगलात कुठेतरी. चेंडू टाचेने मागे सारून पाठीमागच्या धावपटूंना देणं तेव्हा फारसं मर्दानी मानलं जात नव्हतं. ढकलायचं, ढकलत ढकलत चेंडू पायाने पुढे काढायचा आणि सगळ्या टोळीने ड्रिबल करत समोरच्यावर तुटून पडायचं. स्कॉटिश फॉरवर्डची या ड्रिबलिंगसाठी ख्याती होती.

आपल्याकडच्या माणसाला समजवायचं तर दहीहंडीचा सगळ्यात खालचा थर डोळ्यांपुढे आणा. हंडी फोडणाऱ्या पोराचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. खालच्या थरातल्यांचे फक्त खांदे दिसतात, तेही पाण्याने निथळणारे. पण कोणत्याही पथकाच्या दादाला विचारा, तो आधी खालचा थर निवडतो. १८८० चा फॉरवर्ड तसा निवडला जायचा. त्याच्या नावावर ट्राय नसायच्या आणि त्याबद्दल कुणी काही लिहूनही ठेवायचं नाही. वयाच्या अठराव्या वर्षी, मोठ्या माणसांच्या त्या गर्दीत, देशाच्या संघात खालच्या थरात उभं राहायला बोलावणं येणं ही लहान गोष्ट नाही. माझ्याकडची अठरा वर्षांची पोरं क्लबच्या वरिष्ठ संघात पहिल्यांदा स्क्रमला उतरतात तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहतो, म्हणून सांगतोय.

वशिल्याचं म्हणाल, तर तारखाच त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. १८८० मध्ये "प्रसिद्ध गोल्फ घराणं" अस्तित्वातच नव्हतं. फ्रेडीचा जन्म जानेवारी १८७० चा. थोरला भाऊ स्कॉटलंडकडून खेळला तेव्हा हा दहा वर्षांचा होता. ज्या ब्रिटिश अमॅच्युअर, म्हणजे हौशी गोल्फरांच्या स्पर्धेने फ्रेडीचं नाव झालं, ती स्पर्धाच १८८५ मध्ये सुरू झाली. टेटांच्या घरात देशाचा झेंडा पहिल्यांदा आला तो रग्बीतून, जॉनमुळे. इतकंच काय, अमॅच्युअर स्पर्धेतही आधी पुढे गेला तो जॉनच. १८८७ मध्ये हॉयलेकच्या गोल्फ मैदानावर त्याने उपांत्य फेरी गाठली. फ्रेडी त्याच हॉयलेकवर विजेता झाला तो अकरा वर्षांनी. म्हणून "गोल्फच्या घरातला मुलगा रग्बीत कसा गेला" हा प्रश्न मला उलटा वाटतो. रग्बी खेळणाऱ्या भावाच्या मागून ते घर गोल्फचं झालं.

अर्थात गोल्फचं वेड घरात आधीपासून होतं, आणि ते वडिलांचं. पीटर गथ्री टेट, एडिंबरो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. केंब्रिजला गणितात पहिले आलेले, जेम्स क्लर्क मॅक्सवेलचे शाळासोबती, आणि १८६० साली एडिंबरोच्या प्राध्यापकपदासाठी खुद्द मॅक्सवेल उमेदवार असताना ती जागा मिळवलेले. लॉर्ड केल्विनबरोबर त्यांनी लिहिलेला भौतिकशास्त्राचा ग्रंथ पुढे कित्येक वर्षं विद्यार्थ्यांच्या हातात होता. गाठींच्या गणितातले त्यांचे तर्क सिद्ध व्हायला शंभर वर्षं लागली. असा हा माणूस सुट्टीत सेंट अँड्र्यूजला गेला की पहाटे सहाला मैदानात हजर, आणि दिवसात पाच-पाच फेऱ्या. अठरा भोकांची एक, अशा पाच! एकदा तर अंधारातही खेळता यावं म्हणून चेंडूंना फॉस्फरस चोपडून रात्रीचा डाव मांडला. जीवशास्त्रज्ञ हक्स्लीही त्यात होते. गंमत छान चालली होती, पण टेटांचे साडू, रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्रम ब्राउन, यांच्या हातमोज्याने पेट घेतला आणि हात भाजला. रसायनशास्त्रज्ञाचाच हात भाजावा, हे मला फार आवडतं.

गोल्फला या घराने जे दिलं त्यातला सगळ्यात टिकाऊ भाग वडिलांचा आहे, आणि तो थोडा सविस्तर सांगतो, कारण रग्बी शिकवताना मला तो रोज लागतो. प्रोफेसर टेटांना कोडं पडलं होतं की जोरात मारलेला गोल्फचा चेंडू हवेत इतका वेळ राहतोच कसा. वेग, वजन आणि हवेचा अडथळा धरून गणित केलं तर तो खूप आधी पडायला हवा. उत्तर निघालं फिरकीत. क्लबच्या तिरक्या तोंडामुळे चेंडू मागच्या बाजूला गरगरत निघतो आणि ही उलटी फिरकी त्याला हवेत उचलून धरते. तोवर बहुतेक खेळाडू समजत होते की फिरकी म्हणजे फटक्यातला दोष. टेटांनी प्रयोगशाळेत मातीचं तोंड असलेला मोठा लोलक टांगला आणि त्यावर चेंडू मारायला लावून वेग मोजला. मारणारा बहुतेकदा घरचाच, फ्रेडी. चेंडूला लांब फीत बांधून, तिला किती पीळ पडले ते मोजून फिरकी काढली. १८९० च्या दशकात त्यांनी हे सगळं शोधनिबंधांत मांडलं.

लेगस्पिनरचा टॉपस्पिन झपकन खाली का येतो, टेनिसमधला टॉपस्पिन कोर्टात का बसतो, ही त्याच नियमाची दुसरी बाजू. रग्बीत मात्र पोरं एक घोटाळा करतात. लांब पल्ल्याच्या किकला किंवा पासला जो पीळ देतो तो चेंडूच्या लांबट आसाभोवती असतो, बंदुकीच्या गोळीसारखा. त्याचं काम चेंडूचं टोक पुढे ठेवणं आणि हवेचा विरोध कमी करणं. तो चेंडूला वर उचलत नाही. "सर, जास्त फिरवला तर जास्त उंच जाईल ना?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

आता एक दंतकथा उडवून लावतो. सगळीकडे वाचायला मिळतं की प्रोफेसर टेटांनी गणिताने सिद्ध केलं, चेंडू अमुक अंतरापलीकडे जाऊच शकत नाही, आणि दुसऱ्याच दिवशी पोराने त्यापलीकडे मारून दाखवला. फटका खरा आहे. ११ जानेवारी १८९३, फ्रेडीचा तेविसावा वाढदिवस, सेंट अँड्र्यूजची गोठलेली जमीन. चेंडू हवेतून सुमारे २५० यार्ड गेला आणि घरंगळत एकूण ३४१ यार्डांवर थांबला, म्हणजे ३०० मीटरच्याही पुढे, तोही जुन्या गटापर्चाच्या (झाडाच्या घट्ट चिकाच्या) चेंडूने. पण बापाचं गणित त्याने खोटं पाडलं नाही. फिरकीशिवाय चेंडू इतका जाणार नाही, हेच बापाचं म्हणणं होतं, आणि पोराच्या फटक्यात फिरकी भरपूर होती. विद्वान बाप हरला आणि रांगडा पोरगा जिंकला, ही गोष्ट लोकांना सांगायला बरी वाटते, म्हणून टिकली.

फ्रेडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. १८९६ मध्ये सँडविचला आणि १८९८ मध्ये हॉयलेकला अमॅच्युअर विजेता. ओपनमध्ये, म्हणजे व्यावसायिकांनाही खुल्या असलेल्या स्पर्धेत, १८९६ आणि १८९७ अशी सलग दोनदा तिसरा. १८९९ च्या प्रेस्टविकच्या अंतिम सामन्यात छत्तीस भोकांवर बरोबरी झाल्यावर जॉन बॉलने त्याला सदतिसाव्या भोकावर हरवलं. त्या सामन्यात पाण्याने भरलेल्या बंकरमधून त्याने काढलेला चेंडू गोल्फवाले अजून सांगतात. ब्लॅक वॉच रेजिमेंटमधला अधिकारी म्हणून तो दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात गेला, मागर्सफाँटेनला जखमी झाला, बरा होऊन पुन्हा आघाडीवर गेला आणि ७ फेब्रुवारी १९०० ला कूडूसबर्गला मारला गेला. वय तीस. वडील त्यातून सावरले नाहीत, पुढच्याच वर्षी जुलैमध्ये गेले. थोरला भाऊ त्या वेळी हजारो मैल दूर, म्हैसूर संस्थानच्या नोकरीत होता.

पण बंगळूरकडे वळण्याआधी तुमच्या प्रश्नातल्या "घराणं" या शब्दावर एक बोलायचं आहे. स्कॉटलंडची त्या काळची खरी नामांकित गोल्फ घराणी म्हणजे सेंट अँड्र्यूजचे मॉरिस, मसलबराचे पार्क, डन. ही माणसं गोल्फवर पोट भरायची. चेंडू बनवणं, क्लब बनवणं, मैदान राखणं, श्रीमंतांसोबत पैजा लावून खेळणं. ओपन जिंकायची तीच. एडिंबरोचं रग्बी मात्र शाळांतून आलेलं. एडिंबरो अकॅडमीसारख्या शाळेत शिकायचं आणि पुढे त्याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या क्लबकडून खेळायचं. १८७१ चा जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना अकॅडमीच्या माजी विद्यार्थ्यांच्याच मैदानावर, रेबर्न प्लेसला झाला. त्या मैदानात मॉरिसच्या किंवा पार्कच्या मुलाला जागा कुठून असणार? दक्षिणेकडे सीमाभागात गिरणी कामगारांचं, खाटकांचं रग्बी होतं, पण तो वेगळा पट्टा. म्हणजे गोल्फ आणि रग्बी दोन्हीत नाव काढायचं तर प्राध्यापकाच्या, वकिलाच्या, जमीनदाराच्या घरातच जन्मावं लागे. जॉन टेट अकॅडमीचा, मग केंब्रिजला वडिलांच्याच पीटरहाउस कॉलेजचा. त्याच वर्गातला लेस्ली बाल्फोर-मेलव्हिल बघा. १८७२ मध्ये स्कॉटलंडकडून रग्बी खेळला, पुढे क्रिकेटमध्ये देशाचा कर्णधार झाला आणि १८९५ मध्ये अमॅच्युअर गोल्फ विजेता. अष्टपैलूपणाचं कौतुक करताना हे विसरू नये की पैलू पाडायला सवड लागते.

आता बंगळूर. टेट तिकडे गेले यात नवल वाटण्यासारखं काही नाही, कारण वाट मामांनी आधीच पाडली होती. आईचे भाऊ विल्यम आर्चर पोर्टर कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते. ते कॉलेज नावारूपाला आलं ते त्यांच्याच काळात. पुढे ते म्हैसूरच्या महाराजांचे शिक्षक आणि चिटणीस झाले. या मामांचं नाव टेटांच्या घरात इतकं प्रेमाचं की जॉनच्या एका धाकट्या भावाचं नावच विल्यम आर्चर पोर्टर टेट. १८९० च्या आसपास भाचा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात आला आणि सेंट्रल कॉलेजात इंग्रजी शिकवू लागला. पुढे तिथले प्राचार्य झाले. (बघा, 'ते' आलं.)

सेंट्रल कॉलेज तेव्हा मद्रास विद्यापीठाला जोडलेलं होतं. विश्वेश्वरय्या टेटांच्या आधी तिथून शिकून पुण्याला इंजिनिअरिंगला आले होते. राजगोपालाचारी टेटांच्या पहिल्या काही वर्षांतले विद्यार्थी. राजाजींचं इंग्रजी किती आटोपशीर आणि धारदार होतं ते सगळे जाणतात. त्याचं सगळं श्रेय एका मास्तरला द्यायची माझी तयारी नाही, पण वाटा नक्की होता. पुढे १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा दिवाण होते विश्वेश्वरय्या, आणि सेंट्रल कॉलेज त्या विद्यापीठाच्या पायातल्या दोन मुख्य कॉलेजांपैकी एक ठरलं. जवळजवळ पाव शतक टेट त्या कॉलेजचा खालचा थर होते.

इथेच बहुतेक लेख थांबतात: खेळाडू, प्राचार्य, निवृत्ती. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं आहे. मायदेशी परतल्यावर टेट कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटच्या रोजनिशीच्या मागे लागले. स्कॉटने ती नोव्हेंबर १८२५ मध्ये लिहायला घेतली आणि दोन महिन्यांत त्याचं दिवाळं निघालं. कर्ज एक लाख पौंडांच्या वर. नादारी जाहीर करून सुटायचं त्याने नाकारलं आणि लेखणीने कर्ज फेडायला बसला. रोजनिशी त्या वर्षांची आहे. शेवटी शेवटी पक्षाघाताने हात साथ देईना, तेव्हाचं अक्षर वाचणं म्हणजे शिक्षाच. १८९० मध्ये ती छापली गेली आणि लोकांनी तीच प्रमाण मानली. टेटांनी छापील पुस्तक मूळ हस्तलिखिताशी ओळीने ताडून पाहिलं. हस्तलिखित तोवर न्यू यॉर्कला मॉर्गन ग्रंथालयात पोचलं होतं. चुकीचे वाचलेले शब्द, गाळलेली वाक्यं, कुणाला दुखवू नये म्हणून कापलेले उतारे, सगळं त्यांनी बाहेर काढलं. १९३६ मध्ये त्यांनी यावर एक पुस्तिकाच काढली. तिच्या नावातच होतं की रोजनिशीचा दहावा हिस्सा छापील आवृत्तीतून गहाळ आहे.

तेव्हा ते पंचाहत्तरीत होते. माझा डावा खांदा पन्नाशीतच हवामान सांगायला लागला आहे, आणि हा माजी फॉरवर्ड पंचाहत्तराव्या वर्षी दुसऱ्याच्या थरथरत्या हाताचं अक्षर लावत बसला होता. सुधारलेल्या आवृत्तीचा पहिला खंड १९३९ मध्ये आला, दुसरा १९४१ मध्ये, युद्धाच्या कागदटंचाईत.

तुमचा शेवटचा प्रश्न होता की गोल्फमुळे रग्बीत काही फायदा होतो का. खेळाच्या अंगाने जवळजवळ नाही. गोल्फमध्ये चेंडू तुमची वाट बघत पडलेला असतो, रग्बीत चेंडूमागून दहा माणसं येतात. फार तर किक मारणाऱ्याला उपयोग होतो: एकट्याने उभं राहायचं, श्वास मोजायचा, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करायची. आमच्या किक मारणाऱ्या पोरांना मी गोल्फचा सराव बघायला मुद्दाम पाठवतो. टेट किक मारणारा नव्हता, ढकलणारा होता. म्हणून त्याच्या बाबतीत मला विचाराल तर उलटंच सांगेन: स्कॉटची ती तीन खंडांची आवृत्ती गोल्फवाल्याचं काम वाटत नाही, स्क्रमवाल्याचं वाटतं.

टेट ४ ऑक्टोबर १९४५ ला गेले. तिसरा खंड छापून आला १९४६ मध्ये. शेवटची पानं दुसऱ्या संपादकाने तपासली, मुखपृष्ठावर नाव टेटांचंच राहिलं.